विषय: गणपतीत उमेदवाराला माईक द्यायचा का?

वैशाली (सचिव):
मंडळी, हाउसला, म्हणजे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाला, उभ्या असलेल्या त्या बाईंच्या ऑफिसातून पुन्हा फोन आला. आरतीआधी पाच मिनिटं बोलायचंय, शिवाय दाराशी देणगीचं टेबल हवंय. पत्रिका उद्या छपाईला जातेय, आजच सांगा.

नंदूकाका (खजिनदार):
टेबल अजिबात नको. मंडळ 501(सी)(3), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थेने कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात उतरायचं नाही, हा कायदा 1954 पासूनचा. करसवलत गेली तर देणगीदार कुठून आणायचे? माईक द्यायचा तर समोरच्या उमेदवारालाही तेवढाच वेळ द्या.

समीर:
काका, मग आरती कधी व्हायची? गेल्या वर्षी महापौर बोलले, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

नंदूकाका:
ते महापौर म्हणून आले होते, मतं मागायला नाही.

मृणाल:
टेबलाला माझाही विरोध. आपल्याकडे कितीतरी मुलं एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्यांना हाउस काय, शहराच्या निवडणुकीतही एक डॉलर देता येत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना देणगी चालते, मत नाही. बायको सिटिझन आहे म्हणून तिच्या नावावर आपले पैसे देणं हाही गुन्हाच. एका हातात प्रसादाचा द्रोण, दुसऱ्या हातात देणगीचा फॉर्म उघडलेला फोन. फॉर्मवरचा नागरिकत्वाचा चौकोन कोण वाचतंय? उद्या ग्रीनकार्डच्या वेळी वकिलाकडे कोण धावणार?

समीर:
देणाऱ्याला मर्यादा आहेच की. 2025-26 च्या खेपेला एका उमेदवाराला 3,500 डॉलर, प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला) वेगळे आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला वेगळे. एकूण 200 च्या वर गेलं की नाव, शहर, नोकरी सगळं एफईसीच्या, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाच्या साइटवर. सुपर पॅकला, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या गटाला, मात्र 2010 पासून कितीही द्या! राग तिकडे काढा.

शशीकाकू:
उद्योजक श्री ठाणेदारांनी 2018 ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे लाखो डॉलर घातले. प्रायमरीत हरले, पण 2022 ला हाउसवर निवडून आले. आपले बेळगावचे! उमेदवाराच्या स्वतःच्या पैशाला सुप्रीम कोर्टाच्या 1976 च्या निकालापासून मर्यादा नाही.

मृणाल:
काकू, अभिमान मलाही आहे. पण ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याने उभंच राहायचं नाही का?

वैशाली:
ठरवतेय: टेबल नाही. दोन्ही उमेदवारांना लेखी निमंत्रण, आरतीनंतर तीन-तीन मिनिटं. मतदार नोंदणीचं टेबल चालेल ना? समीर, बसशील?

समीर:
बसतो.

नंदूकाका:
पक्षाचा टी-शर्ट घालून नको. आणि निमंत्रण मला दाखवल्याशिवाय पाठवू नका; मंडळाचा कुणालाही पाठिंबा नाही, हे वाक्य त्यात हवंच.