मजूर न ठेवता दहा गाईंचा गोठा झेपेल का?

प्रश्न (संगमनेर): पुण्यातील नोकरी सोडून वडिलांच्या चार संकरित होल्स्टिन गाई दहापर्यंत वाढवाव्यात, असा विचार आहे. घरच्या तिघांना हे जमेल का?

उत्तर १: मुक्तसंचार गोठा (गाई न बांधता मोकळ्या ठेवण्याचा) आणि मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) असल्यास जमेल. मात्र पहाटेची धार लग्नकार्यातही चुकत नाही, आणि शेण काढण्यापासून वासरांना दूध पाजण्यापर्यंतचे निम्मे काम घरातील बायकांवर पडते, तर पैसे बहुधा पुरुषांच्या खात्यावर जमा होतात. म्हणून आधी घरात बोलून घ्यावे.

उत्तर २: गाय विण्यापूर्वी सुमारे दोन महिने आटवावी (दूध काढणे बंद करावे) लागते, त्यामुळे दहाही गाई एकाच वेळी दुधात राहतील असे धरून कर्ज काढू नये. ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) खाली दूध गेले की दर कापला जातो. २०२२ च्या लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीत आमची दुसऱ्या वेताची गाय गेली. बँकेचा हप्ता थांबला नाही.

उत्तर ३: तरीही पिकासारखी हंगामाची वाट पाहावी लागत नाही, आणि शेणखत विकत घ्यावे लागत नाही. बाजारातून गाई आणण्यापेक्षा घरच्या कालवडी वाढवाव्यात, अंगावर हात फिरवून वाढवलेली कालवड पहिल्या धारेला सहसा लाथ मारत नाही (खरवसही घरचाच!).