अल्पसंख्याक आयोगाच्या उत्तरात विश्लेषण आणायचं कुठून?

सराफा_रात्री_१०
प्रश्न असा: "राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या परिणामकारकतेचे टीकात्मक परीक्षण करा." १५ गुण, २५० शब्द. रचना नि कार्यं लिहिण्यातच १५० शब्द जातात, टीकेला "शिफारशी बंधनकारक नाहीत" एवढी एकच ओळ उरते. यूपीएससी मुख्य परीक्षा मराठीतून देतोय. इथे इंदूरला, भंवरकुव्याच्या क्लासेसच्या भागात मिळतात त्या नोट्स हिंदीत आणि त्यातही नुसत्या याद्या. काय गाळू?

कान्ह_काठ
रचना दोन ओळींत उरका: १९९२ चा कायदा, एकूण सात जण, त्यांपैकी अध्यक्ष धरून पाच अल्पसंख्याक समाजांतले. अधिसूचित समाज सहा, सगळे धार्मिक; जैन २०१४ मध्ये आले. बास.

मग एक तक्रार हातात घ्या आणि ती कुठवर जाते ते बघा. कलम ९(४) मुळे आयोग समन्स काढतो, कागद मागवतो, शपथेवर साक्ष घेतो. चौकशीपर्यंत ताकद आहे. पुढे मात्र नुसती शिफारस. केंद्राने ती नाकारली तर कारणं अहवालासोबत संसदेत मांडावी लागतात (कलम १३). हे कलम फार कमी उत्तरांत दिसतं. "दात नसलेला वाघ" तेवढं लिहू नका, ९(४) माहीत नाही हे लगेच कळतं. त्याऐवजी: "आयोग अधिकाऱ्याला बोलावू शकतो, पण त्याच्याकडून काम करवून घेऊ शकत नाही."

जुनी_इंदूर
वरचं बरोबर. पण उपाय म्हणून जो तो "घटनात्मक दर्जा द्या" लिहितो, तिथे थांबा. आपण इंदूरचे मराठी लोक मध्य प्रदेशात भाषिक अल्पसंख्याक. आपला विषय या आयोगाकडे नाही, अनुच्छेद ३५०ख खालच्या विशेष अधिकाऱ्याकडे जातो. तो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीपासून थेट घटनेत आहे. पण त्या अनुच्छेदात काम काय, तर तपास करायचा आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा. समन्सचा अधिकार तिथे दिलेला नाही. अनुसूचित जाती आयोगाला तो ३३८(८) ने मिळाला. म्हणजे घटनेत नाव असून भागत नाही, अधिकार कोणत्या कलमात लिहिलाय ते बघावं लागतं. ही तुलना ४० शब्दांत बसते आणि विश्लेषण म्हणतात ते हेच.

सराफा_रात्री_१०
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचे टीएमए पै खटल्यातला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा २०२४ चा, हे निकाल घालू का?

कान्ह_काठ
नको. ते अनुच्छेद ३० चे, म्हणजे शिक्षणसंस्थांचे निकाल. संस्थांचा अल्पसंख्याक दर्जा बघणारा आयोगही वेगळा आहे, २००४ च्या कायद्याचा. दोन्ही आयोगांची सरमिसळ झाली की पुढचं बरोबर असलेलंही संशयास्पद वाटतं. घड्याळही बघा: १८० मिनिटांत २५० गुण, म्हणजे या उत्तराला जेमतेम ११ मिनिटं.

जुनी_इंदूर
शेवटी "राजकीय इच्छाशक्ती हवी" नको. "शिफारशीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणं राज्यांना बंधनकारक करावं", असं नेमकं एक वाक्य लिहा. उत्तर लिहून इथे टाका, बघतो.