अनुभव धागा: भूतानला व्हिसा लागत नाही, कागद लागतात

धागाकर्ता: भारत-भूतानचा १९४९चा मैत्री करार २००७ मध्ये नव्याने झाला आणि भूतानने परराष्ट्र धोरणात भारताचा सल्ला मानायचं कलम गेलं. आपल्याला व्हिसा न लागण्याची सोय मात्र टिकली. त्या भरवशावर लोक नुसतं आधार घेऊन निघतात आणि फुन्शोलिंगला, म्हणजे भूतानच्या सीमेवरच्या गावात, अडकतात. जाणकारांनी नेमकं लिहावं.

वाटसरू: आधार किंवा पॅन चालत नाही. सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट नाहीतर मूळ मतदार ओळखपत्र हवं. मुलांसाठी इंग्रजीतला जन्मदाखला आणि सोबत पालक. आधी हॉटेल ठरवा, मग प्रवेश परमिटचा ऑनलाइन अर्ज करा. घोळ होतो तो नावात: कार्डावर माहेरचं आडनाव, तिकिटावर सासरचं! तिकीट काढतानाच कार्ड समोर ठेवा, अक्षरन् अक्षर जुळवा. रेल्वेने जाणार असाल तर हाशिमाराला उतरून जयगावमार्गे फुन्शोलिंग गाठा. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

जमाखर्च: भूतान पर्यटकांकडून घेतं ते शाश्वत विकास शुल्क माणशी, रात्रीला १२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे दोघं मोठी आणि नऊ वर्षांचं एक मूल, पाच रात्री: १५,००० रुपये. हॉटेल-जेवण वेगळं. ङुल्ट्रम (भूतानचं चलन) आणि रुपया एकास एक, आपल्या नोटा तिथे चालतात. त्यांच्या नोटा मात्र पुण्या-मुंबईत कुणी घेणार नाही, तिथेच संपवा. क्यूआर कोडवर विसंबू नका, शंभराच्या नोटांची गड्डी जवळ असू द्या.

डोंगरवाट: पारोचा विमानतळ दरीत आहे, विमानं फक्त उजेडी उतरतात. ढग आले की वेळापत्रक कोलमडतं, म्हणून परतीचं पुढचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. पारोजवळचा कड्यावरचा ताक्त्सांग मठ सुमारे ३१२० मीटरवर, दरीपासून नऊशे मीटर चढ. तिकीट पायथ्याशीच मिळतं; ते न घेता वर गेलात तर सगळी चढण वाया. मोबाइल, कॅमेरा दाराशी ठेवावा लागतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट घाला, टोपी काढा. ज्येष्ठांना आदल्या दिवशी पारोतच थांबवा, दम कमी लागतो.

वाटसरू: राहिलंच, पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांकडे नोंद करा, मग थिंफूचा आपला दूतावास गाठा. फुन्शोलिंगलाही आपलं वाणिज्य दूतावास कार्यालय आहे. झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या बॅगांत ठेवा.