कातडीचा कडकपणा ध्वनीने मोजता येतो का? (स्क्लेरोडर्मा)

प्रोबवाला_अंबड
मी अंबड एमआयडीसीत अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतो. कास्टिंगवर जेल लावून प्रोब फिरवायचा, एको बघायचा. स्टीलमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे 5900 मीटर जातो, आणि व्ही-1 या ठरावीक मापाच्या स्टील ब्लॉकवर कॅलिब्रेट केल्याशिवाय आम्ही रिपोर्टवर सही करत नाही.

माझ्या मावशीला स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी जाड आणि कडक होत जाण्याचा आजार आहे. ती निफाडला असते. तिथली थंडी सगळ्यांना माहीतच आहे. पारा उतरला की तिची बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात. हाताची कातडी आता चिमटीत धड येत नाही. डॉक्टर 17 ठिकाणी चिमटी घेऊन प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात, जास्तीत जास्त 51. मध्यंतरी डॉक्टर बदलले आणि आकडा वाढला. मावशी म्हणते, "आजार वाढलाय का रे, की ह्यांचा हातच वेगळा?" मला सांगता येईना. अकौस्टिक मायक्रोस्कोपीने, म्हणजे ध्वनीवर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, कडकपणा मोजतात असं वाचलं. मावशीची ही तपासणी होऊ शकेल का?

स्लाईडताई
दादा, मी हिस्टोपॅथॉलॉजीची (ऊतींच्या तपासणीची) टेक्निशियन. हे यंत्र बहुतेक काचेवरच्या सेक्शनवर, म्हणजे ऊतीच्या पातळ कापावर चालतं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्या ब्लॉकमधून मायक्रोटोम या कापणाऱ्या यंत्रावर 5 ते 10 मायक्रॉनचा सेक्शन काढायचा, मेण काढायचं, स्टेन (रंग) नाही, वर फक्त पाणी. तुमच्या जेलचं काम इथे पाणी करतं. फ्रिक्वेन्सी 100 मेगाहर्ट्झपासून 1 गिगाहर्ट्झपर्यंत. पाण्यात 100 मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 15 मायक्रॉन. एक एको सेक्शनच्या वरच्या पृष्ठभागावरून येतो, दुसरा खालच्या काचेवरून. शेजारच्या मोकळ्या काचेच्या एकोशी ताडलं की जाडी आणि वेग दोन्ही निघतात. कोलॅजन दाट तिथे वेग जास्त. पण फॉर्मॅलिन प्रथिनं एकमेकांना जखडतं, त्यामुळे एकाच पद्धतीने केलेले सेक्शनच एकमेकांशी ताडावेत.

हे यंत्र स्टॅनफर्डला लेमन्स आणि क्वेट यांनी 1974 च्या सुमारास उभं केलं. त्याच क्वेटनी पुढे 1986 मध्ये बिनिग आणि गेर्बर यांच्याबरोबर अणुबल सूक्ष्मदर्शक आणला, ज्याच्या बारीक टोकाने दाबून कडकपणाही मोजता येतो. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

सोनो_गंगापूररोड
एक गोष्ट नीट समजून घ्या. मायक्रोस्कोपमधला वेग दाबाच्या लाटेचा. मऊ ऊतींमध्ये तो सेकंदाला 1540 मीटरच्या आसपास असतो, कारण त्यांत पाणीच जास्त. कातडी आखडली तरी हा वेग थोडाच बदलतो. चिमटीत बोटाला जाणवतो तो आडव्या सरकण्याला होणारा विरोध. त्या शिअर लाटा सेकंदाला काही मीटरच जातात, आणि कडकपणा वाढला की त्यांचा वेग कितीतरी पटीने बदलतो. म्हणून जिवंत माणसासाठी शिअर वेव्ह इलास्टोग्राफी, म्हणजे या लाटांच्या वेगावरून कडकपणा मोजणारी सोनोग्राफी. लिव्हरसाठी ती नेहमीची आहे, कातडीसाठी अजून मुख्यतः अभ्यासापुरती. प्रोब जोरात दाबला तर तिथेही आकडा वाढतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चिमटीच्या गुणांना कमी लेखू नका. औषधांच्या चाचण्यांतही तेच वापरतात. मात्र दर वेळी शक्यतो एकाच हाताने घेतलेले हवेत. आणि मावशींची फुफ्फुसांची तपासणी झाली का? या आजारात कातडीपेक्षा फुफ्फुसं जास्त घात करतात. बीपीही घरी मोजत राहा. या आजारात मूत्रपिंडांनाही धोका असतो, म्हणून तो एकदम वाढला तर थेट डॉक्टरांकडे जायचं.

प्रोबवाला_अंबड
म्हणजे मी ज्या लाटेवर रोज काम करतो ती इथे कामाची नाही! हे कुणीच सांगितलं नव्हतं. फुफ्फुसांचं आजवर कुणी बघितलेलं नाही, याच आठवड्यात घेऊन जातो. आधीच्या डॉक्टरांकडेच परत दाखवू. ताई, बायोप्सी नाशिकलाच झाली होती. तो ब्लॉक अजून असेल का?

स्लाईडताई
बहुतेक असेल, लॅब ब्लॉक वर्षानुवर्षं ठेवतात. बायोप्सी नंबर घेऊन लेखी अर्ज करा. पण उपचार त्यावर अडून नाहीत, आधी फुफ्फुसांचं बघा. आणि थंडीत मावशींना हातमोजे घालायला लावा, पहाटे पाण्यात हात घालू देऊ नका.