टाइप वनच्या लेकरात उरलेलं इन्सुलिन: मोजावं की त्याच्या नादी लागू नये?

गोदाकाठ (परभणी):
स्पष्टच मांडतो. टाइप वन मधुमेह निघालेल्या प्रत्येक लेकराची सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी) तपासणी व्हायला पाहिजे, आणि दरवर्षी पुन्हा. आपल्याकडं निदान झालं की "आता जन्मभर सुई" एवढं सांगून मोकळे होतात. पण त्या दिवशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. सुई सुरू होऊन साखर खाली आली की उरलेल्या पेशींना उसंत मिळते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. माझ्या भाचीचा डोस काही आठवड्यांतच निम्म्यावर आला. हाच हनिमून पिरियड. कुणाचा काही महिने टिकतो, कुणाचा वर्षभर, क्वचित त्याहून जास्त.

शरीर जेवढं इन्सुलिन बनवतं तेवढंच सी-पेप्टाइड रक्तात सोडतं. सुईच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे घरचं इन्सुलिन किती, हे त्यावरून कळतं. अमेरिका-कॅनडातला टाइप वनवरचा डीसीसीटी नावाचा अभ्यास १९८३ ते १९९३ चालला, १४४१ जण होते. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांपैकी ज्यांच्यात थोडं का होईना घरचं इन्सुलिन शिल्लक होतं, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं नुकसान कमी झालं आणि साखर एकदम उतरून बेशुद्ध पडायचे प्रकारही कमी झाले. एवढी मोलाची गोष्ट मोजायचीच नाही?

मांजराकाठ (लातूर):
दादा, नाही पटत. माझा पोरगा टाइप वन आहे. सी-पेप्टाइड एक आलं काय अन् अर्धा आलं काय, उद्या सकाळी मी वेगळं काय करणार? बोट टोचणार, साखर बघणार, भाकरी किती खाणार ते विचारून युनिट देणार. सोयाबीनचा भाव पडला की आमच्या घरात पहिली कात्री साखर तपासायच्या स्ट्रिपवर लागते. दिवसाला चारदा बघायची साखर दोनदा बघतो. हातात जादा पैसा आला तर तो मी स्ट्रिपला घालीन.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. "जपा" म्हणलं की संपल्यावर दोष कुणाचा? हनिमून सरला, डोस चढायला लागला, तेव्हा आमच्या घरात उलटतपासणी सुरू झाली. मामाच्या लग्नात बुंदी खाल्ली म्हणून का, त्या दिवशी सुईला उशीर झाला म्हणून का. बायको कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत होती. २०२३ साली जामा नियतकालिकात एक प्रयोग आला. नुकतंच निदान झालेल्या मुलांना आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंप लावले. साखर नेहमीच्या उपचारापेक्षा चांगली राहिली, पण वर्षानंतर सी-पेप्टाइडमध्ये फरक नव्हता. पेशी मारते ती शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. बुंदी नाही, अन् आई तर नाहीच नाही.

लॅबवाली ताई (नांदेड):
मी नमुने हाताळते, म्हणून दोन गोष्टी सांगते. निदानाच्या वेळी साखर चारशे-पाचशे असताना बीटा पेशी दबून गेलेल्या असतात, तेव्हाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. आणि साध्या नळीतलं रक्त वेळेत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करून) थंड ठेवलं नाही तर सी-पेप्टाइड उतरतं. एप्रिलच्या उन्हात तालुक्याहून एसटीनं, बर्फाशिवाय आलेल्या नमुन्यावर माझा विश्वास नसतो. शक्यतो जिथं तपासणी होते तिथंच, जेवणानंतर रक्त द्या. सोबत त्याच वेळची साखरही बघा, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. किडनी अधू असेल तर आकडा फुगतो, तेही डॉक्टरांना सांगा.

लेकरांपेक्षा मला मोठ्यांची काळजी वाटते. पस्तिशी-चाळिशीचा सडपातळ माणूस, गोळ्या वाढत चालल्यात, वजन उतरत चाललंय, आणि सगळे म्हणतात पथ्य पाळत नाही. तिथं गॅड अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटलीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि सी-पेप्टाइड केलंच पाहिजे. टाइप टू समजून वर्षानुवर्षं गोळ्यांवर ठेवलेल्या माणसाचं सी-पेप्टाइड मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली आलं, तर त्याला गोळ्या नाही, इन्सुलिन लागतं.

बालाघाट (बीड):
मी शाळेत असल्यापासून सुई घेतो. गोदाकाठ भाऊ, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण ते आमच्या वस्तीवर येऊन पोचतं कसं ते सांगतो. आमच्या भागातल्या एका ऊसतोड कुटुंबातल्या पोराचा डोस हनिमूनमध्ये चार-पाच युनिटवर आला. पाहुण्यानं सांगितलं, पोरगं बरं झालं, सुई सोडा, ही पावडर द्या. कारखान्यावर गेल्यावर सुई बंद. उलट्या, पोटदुखी सुरू झाली, सगळ्यांना वाटलं अपचन. धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचलं होतं. वाचलं, पण आयसीयूतून. आता अशा घरात "तुमच्या लेकरात इन्सुलिन शिल्लक आहे" असं छापलेला कागद द्यायचा का?

गोदाकाठ (परभणी):
बप्पा, द्यायचा. आणि देताना सांगायचं की एक युनिट लागलं तरी ते एक युनिट बंद करायचं नाही. त्या घराला कुणी समजावलंच नव्हतं, म्हणून पाहुण्याचं खरं वाटलं. हनिमूनमध्ये डोस उतरवला नाही तर काय होतं तेही बघितलंय. रात्री तीनला भाचीची साखर ५४, अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसायच्या आत गुळाचं पाणी पाजलं. शिल्लक किती हे माहीत असलं तर डॉक्टर डोस आधीच उतरवतात.

आणि मांजराकाठ दादा, पंपानं फरक पडला नाही म्हणून वाट बंद झाली असं नाही. त्याच २०२३ मध्ये व्हेरापामिल या बीपीच्या जुन्या गोळीचा प्रयोग आला. मुलांमध्ये वर्षानंतर सी-पेप्टाइड सुमारे ३० टक्के जास्त राहिलं.

बालाघाट (बीड):
त्याच प्रयोगात एचबीएवनसीमध्ये (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत) ठळक फरक नव्हता, हेही लिहा. आणि कुणीही मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ती गोळी आणू नका. ती बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांवर काम करते. लेकराचा ईसीजी काढल्याशिवाय, डॉक्टरांशिवाय तिला हात लावायचा नाही.

मांजराकाठ (लातूर):
आता म्हणाल धाकट्या पोरीच्याही अँटिबॉडी तपासा. अमेरिकेत २०२२ पासून टेप्लिझुमॅब हे औषध आहे, आजार सरासरी दोनेक वर्षं पुढं ढकलतं, हे वाचलंय. ते आमच्या ऐपतीतलं नाही. मग तिच्या रक्तात येणारं संकट आधी कळून मी करू काय? तिला तहान वाढली, रात्री उठून लघवीला जायला लागली, की ग्लुकोमीटर घरातच आहे. आम्ही दोघं ती लक्षणं ओळखतो. तपासणी करणार नाही.

लॅबवाली ताई (नांदेड):
दादा, तुमच्या घरात ओळखतील. पण ज्या लेकरांच्या अँटिबॉडी आधी कळलेल्या असतात, ती कीटोअॅसिडोसिस होऊन दवाखान्यात येण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. हे औषधाशिवाय, नुसतं लक्ष ठेवून होतं. धाकटी आजोळी किंवा होस्टेलला गेली तर तिथल्यांना तरी ही लक्षणं सांगून ठेवा.