मदत हवी आहे: न्यू जर्सीच्या मानसशास्त्रज्ञांचे उपचार मुलगी कॅलिफोर्नियात गेल्यावर कसे चालू ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी अठरा वर्षांची असून तिच्या संमतीनेच हा धागा काढत आहे. गेली काही वर्षे ती ओसीडीसाठी (नकोसे विचार आणि त्यापायी हात धुण्यासारख्या कृती पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटण्याचा विकार) आमच्याच गावातील एका मानसशास्त्रज्ञांकडे जाते आणि अलीकडे तिची बहुतेक सेशन व्हिडिओवर होतात. येत्या ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियातील महाविद्यालयात शिकायला जाणार आहे. आमचा असा समज होता की सेशन ऑनलाइनच असल्यामुळे ती तिथूनही चालू राहतील. परंतु डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ती कॅलिफोर्नियात असताना त्यांना तिच्यावर नियमित उपचार करता येणार नाहीत.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना परवाना राज्य सरकार देते, आणि उपचार कोणत्या राज्यात झाले हे सेशनच्या वेळी रुग्ण प्रत्यक्ष कुठे आहे यावरून ठरते. या अडचणीवर तोडगा म्हणून राज्यांनी आपसात 'सायपॅक्ट' नावाचा करार केला, ज्याखाली 2020 च्या जुलैपासून काम सुरू झाले. आता चाळीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. न्यू जर्सीने 2021 मध्ये तसा कायदा केला. डॉक्टरेट असलेल्या परवानाधारक मानसशास्त्रज्ञाने ई-पासपोर्ट (ऑनलाइन सेवेसाठीचे प्रमाणपत्र) आणि कराराच्या आयोगाची परवानगी घेतली की त्याला आपल्या राज्यात बसून करारातील इतर राज्यांमधल्या रुग्णांना ऑनलाइन पाहता येते. आमच्या डॉक्टरांकडे ही परवानगी आहे. मुलीने पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सास निवडले असते तर काहीच प्रश्न नव्हता. कॅलिफोर्निया मात्र करारात नाही. (तुमचे थेरपिस्ट समुपदेशक किंवा सोशल वर्कर असतील तर हा करार त्यांना लागू होत नाही, त्यांच्यासाठीचे करार वेगळे आहेत.)

नातेवाइकांनी आणि मित्रांनी आपुलकीने काही उपाय सुचवले आहेत. त्यांतले दोन मी का स्वीकारणार नाही हे आधीच लिहिते, म्हणजे चर्चा तिकडे जाणार नाही.

पहिला उपाय असा की मुलीने डॉक्टरांना "मी घरीच आहे" असे सांगावे. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला डॉक्टर तिला विचारतात, "आत्ता तू कुठे आहेस? पूर्ण पत्ता सांग," आणि तो पत्ता लिहून घेऊन मगच पुढे बोलतात. मला आधी ही नुसती कागदोपत्री औपचारिकता वाटत असे. पण बोलता बोलता रुग्णाच्या जिवाला धोका आहे असे लक्षात आले, तर मदत पाठवायला डॉक्टरांच्या हाती तो पत्ताच असतो. न्यू जर्सीतील घराचा खोटा पत्ता दिला तर रुग्णवाहिका मुलीपासून हजारो मैल दूर जाईल. शिवाय ज्या उपचारांचा पायाच स्वतःच्या भीतीबद्दल खरे बोलणे हा आहे, त्यांची सुरुवात दर आठवड्याला खोटे बोलून करायला मी माझ्या मुलीला सांगणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे पुण्यातील एखाद्या मराठी मानसशास्त्रज्ञांकडे ऑनलाइन जाणे. भारतात पुनर्वास परिषदेची नोंदवही देशपातळीवरची असल्यामुळे पुण्याहून बंगळूरला गेलेल्या रुग्णापुढे असा प्रश्न उभा राहत नाही, आणि त्यामुळेच बहुधा हा मार्ग तिकडच्या मंडळींना सोपा वाटतो. परंतु त्या नोंदणीमुळे कॅलिफोर्नियातील रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, आणि काही चुकीचे घडले तर तक्रार घेऊन जायला इथले परवाना देणारे मंडळही उपयोगी पडत नाही. परवान्याची व्यवस्था मुळात रुग्णाच्या रक्षणासाठी आहे, हे मला मनापासून मान्य आहे.

माझी खरी अडचण आहे ती उपचारांमधील खंडाची. ओसीडीच्या उपचारांत भीतीच्या पायऱ्यांची यादी करून एकेक पायरी चढावी लागते. मुलगी आता सार्वजनिक ठिकाणच्या दाराची मूठ धरून नंतर हात न धुता जेवायला बसण्यापर्यंत आली आहे, आणि तिच्या यादीतील सगळ्यात वरची पायरी वसतिगृहातील सामायिक स्नानगृह ही आहे. म्हणजे ज्या दिवशी तिला या डॉक्टरांची सर्वाधिक गरज भासेल, नेमक्या त्याच दिवशी डॉक्टर कायद्यामुळे दूर झालेल्या असतील. विद्यापीठातील समुपदेशन केंद्रांची मदत बहुधा अल्पकालीन असते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही.

कॅलिफोर्नियात नवीन मानसशास्त्रज्ञ शोधले तरी पेच संपत नाही, कारण अडचण उलट दिशेनेही आहे. कॅलिफोर्निया करारात नसल्यामुळे तिथल्या डॉक्टरांना या कराराच्या आधारे न्यू जर्सीतील रुग्णाला पाहता येत नाही. म्हणजे मुलगी निघण्यापूर्वी त्यांच्याशी ओळखीची सेशन करू शकणार नाही, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली की पुन्हा जुन्या डॉक्टरांकडे जावे लागेल.

एक वाट दिसते. कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक संहितेतील कलम 2912 नुसार दुसऱ्या राज्यातील डॉक्टरेट असलेल्या परवानाधारक मानसशास्त्रज्ञाला एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस तिथे सेवा देता येते. दर आठवड्याला एक सेशन धरले तर ऑगस्ट ते डिसेंबर हा काळ त्या मर्यादेत आरामात बसतो, आणि जानेवारीपासून मोजणी नव्याने सुरू होते. आमच्या डॉक्टर या तरतुदीचा विचार करायला तयार आहेत, पण व्यावसायिक विमा कंपनीकडून लेखी होकार मिळाल्याशिवाय त्या पुढे जाणार नाहीत, आणि त्यांची ही सावधगिरी मला रास्त वाटते. फ्लोरिडाने 2019 मध्ये बाहेरच्या राज्यांतील आरोग्य व्यावसायिकांना टेलिहेल्थसाठी (दुरून, ऑनलाइन उपचारांसाठी) नोंदणी करण्याची सोय दिली. शिक्षणासाठी काही काळ राहायला येणाऱ्या मुलांचे चालू उपचार तुटू नयेत एवढ्यापुरती तरी तशी सोय प्रत्येक राज्याने द्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांची मुले करारातील राज्यातून कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कसारख्या कराराबाहेरच्या राज्यात शिकायला गेली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावा. या 30 दिवसांच्या तरतुदीखाली कुणाचे उपचार चालू राहिले आहेत का, आणि आरोग्य विम्याने त्या सेशनचे पैसे दिले का? जुन्या आणि नवीन डॉक्टरांनी एकत्र बसून रुग्ण हस्तांतरित केल्याचे उदाहरण कुणाकडे आहे का, आणि असेल तर ते संयुक्त सेशन कुणाच्या परवान्याखाली झाले? वाचकांत कुणी स्वतः मानसशास्त्रज्ञ असतील तर दोन्ही राज्यांच्या मंडळांना पत्र लिहिताना नेमकी कोणती माहिती द्यावी, हेही सांगावे. मुलगी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहात जाणार आहे आणि तिकडच्या डॉक्टरांची पहिली भेट त्याआधीच ठरवायची आहे, त्यामुळे उत्तर त्रोटक असले तरी चालेल.