जयपूर अडीच दिवसांत: तिकिटं, जंतरमंतरचं ऊन आणि खरा छापा

वाटसरू:
डिसेंबरअखेर अडीच दिवस जयपूर, सोबत सत्तरीची आई. आमेर, हवामहल, जंतरमंतर, सिटी पॅलेस बघायचे आहेत. एकत्रित तिकीट परवडतं का? क्रम कसा लावावा? आणि सांगानेरी (ठशांनी छापलेली) चादर, बांधणीची ओढणी घ्यायची आहे. मशीनचा माल कसा ओळखायचा?

पायवाट:
एकत्रित तिकीट जरूर काढा. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल आणि नाहरगड त्यात येतात. ते दोनच दिवस चालतं, म्हणून उरलेल्या अर्ध्या दिवसात सिटी पॅलेस उरका. सिटी पॅलेस आणि जयगडाचं तिकीट वेगळं असतं. तिकीट दाखवून तिथून परत फिरणारे रोज दिसतात.

आमेर शहरापासून 11 किलोमीटरवर आहे, 8 वाजता उघडतं. उघडल्या उघडल्या जा, शीशमहलासमोर दहानंतर रेटारेटी होते. आईंना सूरजपोल दरवाजाची चढण नको, मागच्या रस्त्यानं जीप वर जाते. आतली फरसबंदी गुळगुळीत झालेली आहे, चपलेचा तळ खरखरीत हवा.

हवामहल (1799) पूर्वाभिमुख आहे. दर्शनी बाजूचा फोटो सकाळीच छान येतो, दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते. रस्त्याकडून आत जायला दार नाही, वळसा घालून मागून शिरावं लागतं. वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतरण आहे, ते आईंना सोयीचं. मेट्रोचं बडी चौपड स्टेशन जवळच आहे, जुन्या शहरात गाडी नेऊच नका.

सावलीकाटा:
जंतरमंतर ही दगडी यंत्रांची जुनी वेधशाळा, तिथे ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी जाऊ नका. ऊन नसेल तर यंत्रं म्हणजे नुसते दगडी जिने. सकाळी आमेर केलंत तर साडेअकराच्या सुमारास इथे या.

त्यातलं सम्राट यंत्र म्हणजे सावलीवर वेळ सांगणारं घड्याळ, सुमारे 27 मीटर उंच. त्याची तिरकी भिंत जमिनीशी 27 अंशांचा कोन करते, कारण जयपूरचा अक्षांश तेवढाच आहे. सावलीची कड धरून एक मिनिट उभे राहा, ती साधारण चार बोटं सरकलेली दिसेल. हे डोळ्यांनी बघण्यासारखं दुसरं काही त्या शहरात नाही!

वेळ घड्याळाशी जुळत नाही म्हणून यंत्र चुकीचं ठरवू नका. भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, जयपूर 75.8 वर. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे सावली सुमारे 27 मिनिटं मागे. त्यात सूर्याच्या चालीचा वार्षिक फरक मिसळतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तफावत 41 मिनिटांपर्यंत जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 11 वर येते. डिसेंबर 25 च्या आसपास तो फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून तुम्हाला यंत्राच्या वेळेत सरळ 27 मिनिटंच मिळवायची आहेत.

इंडिगो:
चादर उलगडून दोन ठसे जिथे भेटतात तिथे बघा. हातानं मारलेला ठसा केसभर सरकतो, कुठे रंग थोडा दाट बसतो. ठसा जुळवायला कोपऱ्यात बारीक टिंबं असतात, तीही शोधा. सगळं हुबेहूब सारखं असेल तर स्क्रीनची छपाई आहे. तीही वाईट नसते, फक्त ठशाच्या भावात घेऊ नका. सांगानेरीत पांढऱ्या किंवा फिक्या पोतावर नाजूक फुलं असतात. मातीचा लेप देऊन केलेला गडद दाबू छापा हवा असेल तर तो बगरू गावचा.

बांधणीत कापड दोऱ्यानं आवळून रंगवतात, त्यामुळे गाठीच्या जागी फुगीर सुरकुती राहते आणि ठिपके लहानमोठे येतात. छापलेली ओढणी सपाट असते. काही दुकानदार गाठी न सोडलेली ओढणी देतात, ती सर्वात खात्रीची. मात्र इस्त्री केलेल्या बांधणीतही सुरकुती मरते, तेव्हा ठिपक्यांवर भरवसा ठेवा. निळीचा कपडा पहिले काही वेळा वेगळा, थंड पाण्यात धुवा.

जौहरी बाजार, बापू बाजार रविवारी बरेचसे बंद असतात. खरेदी त्या दिवशी ठेवू नका.

वाटसरू:
खूप आभार. जौहरी बाजारात कुंदनचे कानातलेही घ्यायचा विचार आहे. काय बघू?

इंडिगो:
कुंदन-जडावात (सोन्यात खडे बसवण्याच्या कामात) आत लाख भरलेली असते, म्हणून एकूण वजनाला सोन्याचा भाव लावू देऊ नका. निव्वळ सोनं किती, खडे कोणते, लाख किती हे बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. मागची मीनाकारी, म्हणजे रंगीत मिन्याचं काम, भिंगातून बघा, कडेला रंग टवका उडाल्यासारखा असेल तर दुसरा जोड मागा.